इतिहासाची पदवी घ्या, पण कागद वाचायला शिका

बारावीचा निकाल लागला की वस्तीवस्तीत एकच सल्ला फिरू लागतो. विज्ञानाला टक्के कमी पडले, कॉमर्सचा क्लास परवडत नाही, मग काय? "बीए कर, इतिहास घे. सोपा विषय आहे, एमपीएससीलाही कामाला येतो." हा सल्ला देणारे आपलेच काका, मामा, वस्तीतले दादा असतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या समाजाची सगळी लढाई इतिहासावरून चालली आहे, त्याच समाजात इतिहास हा उरल्यासुरल्यांचा विषय मानला जावा याचा आपल्याला राग यायला हवा. मला येतो.

आधी सरळ प्रश्न विचारू. इतिहास 'मेजर' घेऊन बीएला बसायचे तर काय लागते? बारावी पास असणे. शाखा कोणतीही चालते. अकरावी-बारावीला इतिहास होता की नव्हता, हेही बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. माझी त्याला हरकत नाही, उलट हे दार असेच उघडे राहिले पाहिजे. प्रवेशाला टक्क्यांची भिंत घालण्याची मागणी कोणी केली तर तिला सर्वांत आधी आपण विरोध करू. माझा आक्षेप आत गेल्यानंतरच्या तीन वर्षांना आहे. त्या तीन वर्षांत विद्यार्थ्याकडून जे मागितलेच जात नाही, त्याला आहे.

नवीन शैक्षणिक धोरणाचा शासन निर्णय महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ रोजी निघाला. त्या आराखड्याप्रमाणे दर सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. त्यात मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट, मूल्यशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागही आहे. पहिल्या वर्षाच्या पोराला हे कप्पे समजेपर्यंत पहिले सत्र संपते. 'भारतीय ज्ञान प्रणाली' या नावाची दोन क्रेडिट मात्र सर्वांना सक्तीची आहेत.

या एवढ्या कप्प्यांत इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखादा मूळ कागद वाचता आला पाहिजे, अशी अट कुठे आहे? पाली सक्तीची नाही. प्राकृत, ब्राह्मी, मोडी, फारसी यांपैकी काहीच सक्तीचे नाही. काही ठिकाणी मोडीचा छोटा कोर्स ऐच्छिक म्हणून असतो, म्हणजे शिकवणारा असेल तर तो चालतो आणि नसेल तर कागदावरच राहतो. संशोधन पद्धती नावाचा विषय आहे, पण तो चौथ्या वर्षात टाकला आहे. चौथे वर्ष म्हणजे खोलीचे आणि मेसचे आणखी एका वर्षाचे पैसे. शेतमजुराचे, बिगारी कामगाराचे पोर तिसऱ्या वर्षी पदवी हातात आली की घराकडे बघते. आराखड्याने पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतरही बाहेर पडायची सोय ठेवली आहेच. एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका. इतिहासाचे एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन पोरगा कुठल्या दारात उभा राहणार, हे तरी कोणी सांगावे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे पुरावा कसा तपासायचा हे ज्यांना सर्वांत आधी शिकवायला हवे, ते ते शिकण्याच्या आधीच चाळणीतून खाली पडतात.

तीन वर्षे पोरे काय करतात? गाईड वाचतात. 'महत्त्वाचे प्रश्न' पाठ करतात. पदवी मिळते, पण एक सनद, एक शिलालेख, एक कोर्टाचा निकाल स्वतः उलगडून बघितलेला नसतो. दुसऱ्याने लिहिलेला इतिहास पाठ करण्याला मेजर म्हणायचे असेल, तर ते गेली हजारो वर्षे आपल्याकडून करून घेतले जातच होते की!

हे मी का ताणतो आहे, ते महाडच्या उदाहरणावरून सांगतो. २० मार्च १९२७ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २५ डिसेंबर १९२७ ही पाठ आहे. पण १७ मार्च १९३७ ही तारीख किती जणांना माहीत आहे? चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने दिला. सत्याग्रहानंतर महाडच्या सवर्णांनी दावा लावला होता. त्यांचे म्हणणे असे की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे. त्या दाव्यात मिळवलेल्या मनाई हुकुमामुळेच डिसेंबरच्या परिषदेला सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. पुढे दहा वर्षे खटला चालला. त्यात कागद पुढे आले, साक्षी झाल्या, तळे नगरपालिकेकडे कसे आहे ते तपासले गेले. शेवटी न्यायालय म्हणाले की वादींना ही अनादिकालापासूनची रूढी सिद्ध करता आलेली नाही.

हे वाक्य नीट समजून घ्या. "हे पूर्वीपासून असेच आहे" हा ब्राह्मणी व्यवस्थेचा सर्वांत जुना आणि सर्वांत मजबूत युक्तिवाद. तो भावनेने मोडला नाही, "पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? कागद दाखवा" या प्रश्नाने मोडला. हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. मागे १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा केलेला ठराव होता. तळ्यावर ओंजळ भरली तो एक दिवस होता, ती ओंजळ कायद्यात टिकवायला दहा वर्षांचे दप्तर लागले. आपण पहिल्याचा उत्सव करतो, दुसऱ्याचा अभ्यास करत नाही.

आता नाशिकला चला. शहराबाहेरच्या डोंगरातल्या लेण्यांना लोक काय म्हणतात? पांडवलेणी. पांडवांचा तिथे काय संबंध? काहीही नाही. भिंतीवरचा लेख त्या डोंगराला 'तिरण्हु' म्हणतो, म्हणजे त्रिरश्मी. पण ब्राह्मी वाचता येणारी पिढी संपली आणि ज्याला जे सुचले ते नाव त्याने ठेवले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला नसता तर अशोकाचे लेखही कोणाच्या तरी गदेच्या किंवा लाठीच्या नावाने ओळखले जात राहिले असते. लिपी मेली की दगड मुका होतो, आणि मुक्या दगडावर कोणीही मालकी सांगतो.

तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला एक लेख मला विशेष वाटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंच्या चीवरासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे ठेवले? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दुसरीकडे पाऊण दराने. राजघराण्यातला माणूस विणकरांकडे पैसे ठेवतो, त्यांच्या व्याजावर संघाचा खर्च चालतो आणि हा व्यवहार दगडावर कोरला जातो! हातांनी काम करणाऱ्यांची पत एके काळी काय होती, याचा हा पुरावा कोणत्याही भाषणापेक्षा वजनदार आहे. आपली पोरे दर वर्षी लेण्यांवर वंदनेला जातात, फोटो काढतात, आणि याच लेखासमोरून चालत पुढे जातात. दोष पोरांचा नाही. इतिहासाचा पदवीधरसुद्धा त्यांच्यासोबत असतो आणि त्यालाही तो वाचता येत नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी दोन हजार वर्षांपूर्वीची हौस झाली, पोटाला काय उपयोग? मग मोडीचेच बघा. जात पडताळणी समितीपुढे ज्याने फाइल नेली आहे त्याला विचारा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. जुन्या नोंदी कुठे असतात? शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, तहसीलमधल्या कोतवाल बुकात, जमिनीच्या जुन्या पत्रकांत. त्यातल्या कितीतरी मोडीत आहेत. मराठवाड्यात तर निजामाच्या काळातले उर्दू कागद वेगळेच. माणूस कचेरीत तासन्‌तास बसतो, आजोबाचे नाव समोरच्या पानावर असते आणि ते त्याला वाचता येत नाही. मग मोडी वाचणारा शोधायचा, त्याचे पैसे द्यायचे, तो सांगेल ते खरे मानायचे. पूर्वी पंचांग बघायला भटाकडे जायचो, आता आजोबा शोधायला जातो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा सरकारलाच गावोगाव मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. राज्यात दर वर्षी इतिहासाचे इतके पदवीधर बाहेर पडतात, आणि सरकारी दप्तर वाचायला माणसे मिळत नाहीत!

महार वतनाचा प्रश्न घ्या. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. वतन म्हणजे गुलामगिरीचा करार कसा, हे त्यांनी भाषणांतून आणि लेखांतून दाखवले. पण गावागावात ते वतन प्रत्यक्ष कसे चालले, बलुते किती ठरले आणि किती मिळाले, जमीन कोणी बळकावली, याचे कागद अजून पुराभिलेखागारात, तहसील कचेऱ्यांत आणि आपल्याच घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. कित्येक घरांत ते वाळवीने खाल्ले, कित्येक ठिकाणी "काही कळत नाही" म्हणून चुलीत गेले. या कागदांचा इतिहास आपण लिहिला नाही तर कोणीतरी लिहीलच, आणि त्यात वतन हा 'गावगाड्यातला मान' होता असे छापून येईल.

आता थोडे कडू बोलतो. ते आपल्याच मंडळींना आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभाबद्दल दर १ जानेवारीला मोबाईलवर जे मजकूर फिरतात, त्यात "५०० महारांनी २८,००० पेशव्यांना कापून काढले" हे वाक्य ठरलेले असते. कागद काय सांगतात? पाचशेच्या आसपास पायदळ ही कंपनीच्या एका पलटणीची संख्या होती, सोबत घोडदळ आणि तोफखान्याचे लोक वेगळे होते. पलटणीत महार सैनिक मोठ्या प्रमाणात होते, पण सगळे महार नव्हते. अठ्ठावीस हजार हा बाजीरावाच्या एकूण फौजेचा अंदाज आहे, गावात घुसून लढायला त्यातला एक भागच पाठवला गेला होता. स्तंभावरच्या मृतांमध्ये 'नाक' प्रत्ययाची २२ नावे मोजली जातात आणि त्याच दगडावर इतर जाती-धर्मांचीही नावे आहेत.

यातले काही मान्य केल्याने स्तंभ लहान होतो का? मुळीच नाही. पेशवाईत ज्यांची सावली विटाळ मानली जात होती, त्यांचे नाव पेशवाई बुडाली त्या वर्षीच्या लढाईच्या दगडावर कोरलेले आहे. आपले नाव दगडावर आहे हे बघायलाच बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले होते. एवढे आपल्याला पुरेसे आहे. आपण आकडा फुगवला की समोरचा आकडाच पकडतो आणि तेवढ्यावरून स्तंभच खोटा ठरवू पाहतो. टीव्हीच्या चर्चेत आपल्या कार्यकर्त्याला एकच प्रश्न विचारतात, "याला आधार काय?" आणि तो घोषणा देतो. घोषणा मोर्चात शोभते, तिथे आधारच लागतो. आपल्याकडे आधार आहे, पण तो काढून दाखवता येणारा माणूस आपण घडवला नाही.

इथे काही मित्र हटकून म्हणतील की बाबासाहेबांनी तरी कुठे संस्कृतवर प्रभुत्व सांगितले होते? बरोबर आहे. 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ १९४६ चा, महात्मा फुल्यांना अर्पण केलेला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की आपण संस्कृतवर प्रभुत्व असल्याचा दावा करत नाही, पण पंधरा वर्षे भाषांतरांतून या साहित्याचा अभ्यास केला आहे आणि तो या कामाला पुरेसा आहे. पण हे वाक्य आळशीपणाला पांघरूण म्हणून वापरू नका. त्यांना संस्कृत का आले नाही? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये ते शिकवायला नकार दिला गेला म्हणून. त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्याला दार बंद केले त्याने भाषांतरावर काम चालवले, आणि पुढे संस्कृतही कष्टाने शिकून घेतले. आपल्याला आज दार बंद नाही. कोलंबियात त्यांनी इतिहासाचेच ११ अभ्यासक्रम घेतले होते आणि सोबत प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही. शेवटच्या वर्षांत, शरीर साथ देत नसताना, ते पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करत होते. सरकारने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते आहे. त्याच १९४६ च्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धतही सांगितली आहे. पवित्र ग्रंथ असो की साधा, पुराव्याचे नियम दोघांनाही सारखेच. हा नियम आपल्या पत्रकांनाही लागू होतो, हे विसरू नका.

भाषा म्हणजे फक्त जुनी भाषा नव्हे. इंग्रजी घाबरून सोडली तर गॅझेटियर गेले, जनगणनेचे अहवाल गेले, उच्च न्यायालयाचे निकाल गेले, आणि खुद्द बाबासाहेबांचे मूळ लेखन गेले. एलिनॉर झेलियट नावाची अमेरिकन बाई मराठी शिकली, इथे येऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना भेटली आणि १९६९ मध्ये महार चळवळीवर पीएचडी पूर्ण केली. तिला मराठी शिकता येते, तर आपल्याला पाली का नाही? आणि ज्यांचा कागदच नाही त्यांचे काय, असा प्रश्न असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' बघा. चळवळीतल्या बायकांच्या दारोदार जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून तो इतिहास लिहिला गेला. मुलाखत कशी घ्यायची, ती तारखेशी आणि वर्तमानपत्राशी कशी ताडून बघायची, हेही शिकावे लागते. ती पिढी आता वेगाने जात आहे.

सरकारचा दुटप्पीपणाही नोंदवून ठेवू. २०१३ मध्ये यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतून पाली हा पर्यायी विषय काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि प्राकृतसोबत पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, फेटे उडाले, पेढे वाटले. पण प्राचीन भारत शिकणाऱ्या बीएच्या पोराला पालीचे एक पान वाचावे लागत नाही. अभिजात दर्जा म्हणजे काय, भिंतीवर टांगायची तसबीर?

मागणी नेमकी काय करायची? तीन वर्षांच्या इतिहास मेजरमध्ये एक स्रोतभाषा किंवा लिपी सक्तीची करा. पाली, मोडी, ब्राह्मी-प्राकृत किंवा फारसी, निवड विद्यार्थ्याची. वेळ नाही हे कारण चालणार नाही. दोन क्रेडिटचे प्रात्यक्षिक म्हणजे साठ तास. साठ तासांत मोडीची अक्षरओळख होऊन सोपे पत्र लागते, ब्राह्मीची वर्णमाला तर त्याहून कमी वेळात येते. व्होकेशनल स्किलचा कप्पा रिकामाच आहे, तिथे 'पर्यटन मार्गदर्शन' घालतात तसे मोडी घाला. लिपी वाचता येणारा पोरगा मार्गदर्शकही चांगला होईल. संशोधन पद्धती चौथ्या वर्षातून दुसऱ्या वर्षात आणा. फील्ड प्रोजेक्ट म्हणून सहलीचा अहवाल नको, गावातले एक दप्तर किंवा एक शिलालेख किंवा एका वृद्ध कार्यकर्त्याची मुलाखत घ्या. आणि 'भारतीय ज्ञान प्रणाली'च्या तासाला नागार्जुन, धर्मकीर्ती, चार्वाक, कान्हेरीचे विहार यांना किती वेळ मिळतो, हे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी लेखी विचारा.

शिकवणार कोण, हा प्रश्न येईलच. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासाच्या पैशांवर सीएचबी माणसे राबवायची आणि मग "तज्ज्ञ नाहीत" म्हणायचे, ही युक्ती जुनी आहे. पाली शिकलेली आपली कितीतरी पोरे विद्यापीठांच्या पाली विभागांतून एमए करून घरी बसली आहेत. त्यांना नेमा.

तोवर आपण काय करायचे, तेही सांगतो. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात दहा दिवसांचा मोडीचा वर्ग बुद्ध विहारात होतो. राज्याचे पुराभिलेख खाते असे वर्ग घेते, त्यांच्याकडे शिकवणारे आहेत. विहारात येणाऱ्यांना घरातले जुने कागद घेऊन यायला सांगा. फोटो काढून ठेवा, कागद घरच्यांकडेच राहू द्या.

या जूनमध्ये जी पोरे इतिहास मेजरचा फॉर्म भरणार आहेत, त्यांनी भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. इथे कोणती स्रोतभाषा शिकता येईल, कोण शिकवतो, आणि गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी ती घेतली. उत्तर नसेल तर प्रवेश जरूर घ्या, पण विभागप्रमुखांच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या पोचेची प्रत विद्यापीठाच्या इतिहास अभ्यास मंडळाला पाठवा. मंडळाच्या बैठका वर्षातून थोड्याच होतात आणि पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम तिथेच ठरतो, तेव्हा निवेदने त्याआधी पोहोचली पाहिजेत.